नाशिकचा हिरा, पेठचा दगड

मंडळी, बऱ्याच दिवसांनी काहीतरी मोठं लिहायला बसलेय. विषय जरा विचित्र आहे: हिऱ्यातले दोष. दागिन्यांच्या दुकानातले नव्हेत, प्रयोगशाळेतले. धाकट्या भावाची मुलगी, आमची चिऊ, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि आता तिला याच विषयात पुढे काम करायचंय. तिने घरात हे सांगितलं तेव्हा आई पटकन म्हणाली, "डाग असलेला हिरा कोण घेणार गं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला मात्र दोनशे वर्षांचा फेरफटका मारावा लागतो, आणि त्याची सुरुवात आमच्या पेठच्या शेजारीच होते.

पेठहून हरसूलमार्गे त्र्यंबकेश्वर फार लांब नाही. तिथल्या महादेवाच्या मंदिरात एकेकाळी एक मोठा हिरा होता, असं परंपरा सांगते. गोवळकोंड्याकडच्या खाणींतला, निळसर झाक असलेला, सुमारे ९० कॅरटचा. जगात तो 'नासक डायमंड' म्हणून ओळखला जातो. नासक म्हणजे आपलं नाशिक, साहेबाच्या तोंडून आलेलं. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई बुडाली तेव्हा हा हिरा कर्नल ब्रिग्ज यांच्यामार्फत गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे गेला आणि तिथून लंडनच्या बाजारात पोचला. रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी त्याला नवे पैलू पाडून घेतले, वजन ८० कॅरटच्या आसपास राहिलं. १८३७ साली तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरने विकत घेतला आणि तलवारीच्या मुठीत बसवला. पुढे १९४० साली हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याने तो पॅरिसमध्ये घेतला आणि पुन्हा कापवला. आता वजन उरलं ४३.३८ कॅरट. म्हणजे त्र्यंबकहून निघालेल्या दगडातला निम्म्याहून जास्त भाग चकाकी वाढवण्याच्या नादात भुकटी होऊन गेला!

हिऱ्याकडे पाहण्याची माणसाची दृष्टी ती ही. जितका स्वच्छ, जितका निर्दोष, तितका मोलाचा. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची जगभर ख्याती झाली तीही याच कारणाने. त्यातल्या अनेक नामवंत हिऱ्यांत नायट्रोजनची भेसळ जवळजवळ नसतेच, म्हणून ते पाण्यासारखे नितळ दिसतात. अर्थात 'नायट्रोजनची भेसळ' हे शब्द आज सहज लिहिता येतात. हे कळायला १९५९ साल उजाडावं लागलं.

त्याआधीची गोष्ट बंगळूरची आहे, आणि नंतर पुण्याची.

सी. व्ही. रामन यांना हिऱ्यांचं विलक्षण वेड होतं. १९४०च्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेत भारतातले आणि आफ्रिकेतले मिळून सुमारे ३०० हिरे होते. त्या हिऱ्यांवर काम करायला १९४० साली एक मुलगी आली: अ‍ॅना मणी. जन्म १९१८चा, त्रावणकोरमधल्या पीरमेडचा. तिच्याबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या घरात मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या द्यायची रीत होती. या पोरीने कुड्या नाकारल्या आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. आणि पुढे आयुष्याची पाच वर्षं गेली ती हिऱ्यांतच :-)

काम काय होतं? काही हिऱ्यांवर अतिनील प्रकाश टाकला की ते स्वतः निळे किंवा हिरवट चमकतात. काही अजिबात चमकत नाहीत. असं का? अ‍ॅना मणी हिरा द्रवरूप हवेच्या तापमानाला थंड करायच्या, त्याचा क्षीण उजेड वर्णपटलेखकात सोडायच्या आणि फोटोची काच पंधरा-वीस तास तशीच ठेवायच्या. रात्री कित्येकदा प्रयोगशाळेतच झोपायच्या. निळ्या चमकेची ४,१५२ अँगस्ट्रॉमची रेषा, हिरव्या चमकेची ५,०३२ची... अशा रेषांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १९४२ ते १९४५ या काळात एकटीच्या नावाचे पाच शोधनिबंध लिहिले. १९४५च्या ऑगस्टमध्ये मद्रास विद्यापीठाला पीएच.डी.चा प्रबंध सादर केला.

विद्यापीठाने पदवी दिली नाही. कारण काय, तर त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. बी.एस्सी. ऑनर्स होती, शिष्यवृत्तीवर संशोधन केलेलं होतं, निबंध छापून आलेले होते, पण नियमात बसत नव्हतं. तो प्रबंध बांधणी करून बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतरांच्या प्रबंधांशेजारी ठेवला आहे. शेजारच्यांना पदवी मिळाली, याला नाही, एवढाच फरक.

त्या इंग्लंडला गेल्या, हवामानशास्त्राची उपकरणं शिकल्या आणि १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. शंभरेक उपकरणांची प्रमाणित रेखाटनं तयार करून ती भारतात बनवायला लावणं, सौर किरणं मोजणारी केंद्रं उभारणं, ओझोन मोजणारं उपकरण घडवणं ही सगळी त्यांची कामं. १९७६ साली उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, २००१ साली गेल्या. आज पवनचक्की कुठे लावावी, सौर पॅनल किती वीज देईल, याचे भारतातले पहिले पक्के आकडे या बाईंच्या ग्रंथांत सापडतात. पदवीवाचून त्यांचं अडलं नाही असं म्हणायचा मोह होतो. पण हिऱ्याचं काम तिथेच थांबलं, हेही तितकंच खरं.

आता त्या चमकेचं मूळ. १९५९ साली कायझर आणि बाँड यांनी दाखवलं की बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत कार्बनच्या जागी बऱ्यापैकी नायट्रोजन घुसलेला असतो. अ‍ॅना मणींनी रात्र रात्र जागून टिपलेल्या त्या रेषा म्हणजे या उपऱ्या नायट्रोजनच्या सह्या होत्या. ४,१५२ची रेषा तीन नायट्रोजन अणूंच्या मधे एक जागा रिकामी असते तिची, तर ५,०३२ची दोन नायट्रोजन आणि एका रिकाम्या जागेची. रामन यांना वाटलं होतं की चमक हिऱ्याच्या स्फटिकरचनेतूनच येते. खरं तर ती दोषातून येत होती.

याच कुळातला एक दोष आज जगभर गाजतोय. एक नायट्रोजन आणि त्याच्या अगदी शेजारी एक रिकामी जागा. इंग्रजीत त्याला 'एनव्ही सेंटर' म्हणतात. आईला मी पंगतीचं उदाहरण दिलं. पंगतीत सगळ्या पाटांवर घरचे लोक, म्हणजे कार्बन. एका पाटावर पाहुणा, म्हणजे नायट्रोजन. आणि त्याच्या शेजारचा पाट रिकामा. त्या रिकाम्या पाटाभोवती काही इलेक्ट्रॉन घुटमळत राहतात. इलेक्ट्रॉनला 'स्पिन' नावाचा गुण असतो, त्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन एक चिमुकला लोहचुंबक असतो. घट्ट, कडक हिऱ्याच्या पोटात हा चुंबक बऱ्यापैकी शांत बसतो, तेही साध्या खोलीच्या तापमानाला. इतर अनेक पुंज-उपकरणांना थंडगार द्रवरूप हेलियम लागतो, याला नाही.

आणि गंमत म्हणजे त्याची स्थिती डोळ्यांना, म्हणजे कॅमेऱ्याला, दिसते. हिरवा लेसर टाकला की हा दोष लाल चमकतो. स्पिन एका स्थितीत असेल तर जास्त, दुसऱ्या स्थितीत असेल तर कमी. सूक्ष्मलहरींची वारंवारता बदलत गेलं की २.८७ गिगाहर्ट्झला लाल उजेड अचानक मंदावतो. जवळ चुंबकीय क्षेत्र असेल तर त्या एका खाचेच्या दोन होतात आणि एका मिलिटेस्लाला सुमारे २८ मेगाहर्ट्झ इतक्या प्रत्येकी सरकतात. खाच किती सरकली ते पाहायचं, क्षेत्र किती ते कळतं. १९९७ साली जर्मनीत असा एकच एक दोष सुटा पाहता आला, आणि २००८ साली त्याने चुंबकीय क्षेत्र मोजून दाखवलं. अणूएवढा होकायंत्राचा काटा!

इथपर्यंत सगळं छान. अडचण पुढे आहे, आणि चिऊला नेमकं त्या अडचणीतच काम करायचंय.

लहानशा चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं. अंतर दुप्पट केलं तर जोर आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे एखाद्या रेणूचं क्षेत्र ऐकायचं तर दोष हिऱ्याच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ हवा, पाच-दहा नॅनोमीटरवर. पण पृष्ठभाग ही फार गोंगाटाची जागा आहे. आत प्रत्येक कार्बनला चार शेजारी असतात, वर मात्र रचना तुटते, तुटलेल्या बंधांवर एकटे इलेक्ट्रॉन लोंबकळतात, पाणी आणि घाण चिकटते, विद्युतभार इकडून तिकडे उड्या मारतात. या सगळ्यांची कुजबुज दोषाला ऐकू येते आणि त्याचा ताल बिघडतो. खोलवरच्या दोषाचा ताल अतिशुद्ध हिऱ्यात मिलिसेकंदापेक्षा जास्त टिकतो (२००९ साली १.८ मिलिसेकंदाची नोंद झाली). पृष्ठभागालगतच्या दोषाचा तो काही मायक्रोसेकंदांवर, फार तर काही दशक मायक्रोसेकंदांवर येतो.

आपल्या जुन्या घरासारखंच आहे हे. माजघरात झोप शांत लागते, पण रस्त्यावर काय चाललंय ते कळत नाही. ओट्यावर झोपलं तर सगळं कळतं, पण झोपेचं खोबरं होतं!

मग उपाय काय? एक म्हणजे ओटा झाडून स्वच्छ ठेवायचा. नायट्रोजनचे अणू अगदी कमी जोराने हिऱ्यात मारायचे, म्हणजे ते वरवरच रुततात. मग निर्वातात ८०० अंशांच्या वर तापवायचं, म्हणजे रिकाम्या जागा सरकत सरकत नायट्रोजनला येऊन भेटतात. नंतर कडक आम्लांत उकळून वर ऑक्सिजनचा नीटस थर बसवायचा. दुसरा उपाय शिट्टीचा. शर्यतीत पळणाऱ्या पोरांना अर्ध्या वेळेत शिट्टी मारून उलट फिरवलं, तर जास्त पुढे गेलेलं आणि मागे राहिलेलं पोर एकाच वेळी सुरुवातीच्या रेषेवर येतं. स्पिनलाही असंच मधे उलटवलं की सावकाश बदलणाऱ्या गोंगाटाचा परिणाम धुतला जातो. १९५० साली एर्विन हान यांनी हा 'प्रतिध्वनी' शोधला. आता एकाऐवजी अशा शेकडो शिट्ट्या मारतात.

त्यातून एक अनपेक्षित फळ मिळालं. शिट्ट्यांची लय जुळवली की बाकीचा गोंगाट गळतो आणि फक्त त्या लयीत बोलणाऱ्याचा आवाज उरतो. २०१३ साली श्टुटगार्ट आणि कॅलिफोर्नियातल्या आय.बी.एम. इथल्या गटांनी हिऱ्यावर ठेवलेल्या थेंबभर पदार्थातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचा आवाज असा ऐकला. तोही साधारण पाच नॅनोमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या ठोकळ्यातून! दवाखान्यातलं एम.आर.आय. यंत्र आणि हे, तत्त्व एकच, फक्त हे एखाद्या प्रथिनाच्या रेणूएवढ्या जागेवर चालतं. आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. डाग असलेला हिरा घेणारे आता पुष्कळ आहेत.

मग यात पेठ कुठे? पेठच्या जमिनीत हिरा मिळत नाही. आमच्याकडे काळा दगड, त्यावर लाल माती, नागली, वरई, भात, पावसाळ्यात कोसळणारा पाऊस आणि उन्हाळ्यात हंड्याची रांग. पण हा काळा दगड साधा नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो झाला. लाव्हा निवताना त्यातल्या लोहखनिजाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे तोंड करून गोठले, आणि अजून तसेच आहेत.

ही आठवण वाचायचा खटाटोप १९५०च्या दशकात झाला. केंब्रिजमध्ये टेड इर्व्हिंग नावाचा विद्यार्थी होता. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांच्या प्रोत्साहनाने त्याने भारतातून दगड मागवले आणि मोजले. चुंबकत्वाची दिशा सांगत होती की हा भूभाग पूर्वी विषुववृत्ताच्या खूप दक्षिणेला होता. लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली दख्खनच्या दगडांवरून हेच मांडलं. मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे, सी. राधाकृष्णमूर्ती आणि डॉइच यांनी दख्खनच्या थरांचा अभ्यास केला. खालच्या थरांचं चुंबकत्व उलटं, वरच्यांचं सुलटं. म्हणजे लाव्हा वाहत असतानाच पृथ्वीच्या उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल झाली होती. पेठ आज २० अंश उत्तरेला आहे. हा दगड जन्मला तेव्हा तो साधारण ३० अंश दक्षिणेला होता. पाच हजारांहून जास्त किलोमीटर चाललेलं आमचं गाव!

आणि इर्व्हिंगचं काय झालं? १९५४ साली केंब्रिजने त्याचा प्रबंध नाकारला. खंड सरकतात हे तेव्हा फारसं कुणाला पटत नव्हतं, आणि त्याचं काम नीट पारखू शकेल असा परीक्षकही नव्हता. तो ऑस्ट्रेलियाला गेला, काम करत राहिला आणि १९६५ साली त्याच केंब्रिजने त्याला एससी.डी. ही वरची पदवी दिली. अ‍ॅना मणींना असं बोलावणं कधीच आलं नाही.

हिरा आणि काळा दगड, या दोन गोष्टी आता एकत्र येतात. हिऱ्याच्या वरच्या काही मायक्रॉनच्या थरात असे दोष दाटीने भरायचे, त्याखाली दगडाचा घासलेला काप ठेवायचा आणि कॅमेऱ्याने चुंबकत्वाचा नकाशाच काढायचा. आधी सगळ्या तुकड्याचं मिळून एक उत्तर मिळायचं, आता कणाकणाचं मिळतं. १९४० साली मध्य प्रदेशात सेमरकोना इथे उल्का पडली होती. तिच्यातले मिलिमीटरपेक्षा लहान गोळे २०१४ साली अमेरिकेत तपासले गेले, त्यात एनव्ही हिराही वापरला होता. सूर्यमाला जन्मताना भोवतीच्या धुळीच्या तबकडीत सुमारे ५४ मायक्रोटेस्लाचं क्षेत्र होतं, असं त्यातून निघालं. साधारण आज आपल्या पायाखाली आहे तेवढंच. आपल्याकडे पवईच्या आय.आय.टी.त कस्तुरी साहा यांचा गट या हिऱ्यांवर काम करतो. २०२३ साली मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन आणि मापनाचं केंद्र पवईलाच मिळालं, आणि २०२४ साली टी.सी.एस.बरोबर चिपमधले विद्युतप्रवाह पाहणारं असं यंत्र बनवायचं त्यांनी जाहीर केलं.

मध्यंतरी चिऊचा एका ठिकाणी प्रवेश अडला. गुण होते, मुलाखतही चांगली झाली होती. पण तिच्या गुणपत्रिकेवरचं एका विषयाचं नाव त्यांच्या यादीतल्या नावाशी जुळत नव्हतं. अभ्यासक्रम तोच, नाव वेगळं. खिडकीतून कागद परत आले. घरात चर्चा सुरू झाली की आता बी.एड. कर, आश्रमशाळेत नोकरी मिळेल, पेठजवळ राहशील. त्यात वाईट काहीच नाही. मीही आयुष्यभर शिकवलंच. तरी मी भावाला फोन करून म्हटलं, अजून एक वर्ष दे तिला. अ‍ॅना मणींनी पुढे फार मोठं काम केलं म्हणून त्यांचा प्रबंध नाकारणं क्षम्य ठरत नाही. जी माणसं नाकारल्यावर दुसरीकडे उभी राहिली तीच आपल्याला माहीत असतात. बाकीची कुठे गेली, कोण मोजणार? नियमाच्या खाचेत न बसणारं प्रत्येक माणूस हिरा असतं असं मी म्हणत नाही. पण खाच तपासून पाहायला काय हरकत आहे?

भाऊ तसा कमी बोलतो. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. चिऊने त्याला सांगितलं होतं की दगड काढण्याआधी त्यावर उत्तरेची खूण करावी लागते, नाहीतर त्याची दिशा कायमची हरवते, आणि काळ्या दगडाजवळ होकायंत्रावर भरवसा ठेवता येत नाही, कारण दगडच काटा ओढतो. म्हणून सावलीवरून उत्तर काढायची. "बांधाखालच्या कातळावर काठी उभी करून दुपारभर सावली मोजली," तो म्हणाला. "पांढऱ्या रंगाने बाण काढलाय. अजून फोडला नाही. पोरीचं ठरलं की फोडू."

फॉर्म पुढच्या महिन्यात निघतायत.